प्रस्तावना : वाटेवर जे मिळत नाही

पनवेलहून निघणारा राष्ट्रीय महामार्ग ६६ कोकण, गोवा, कर्नाटक आणि केरळ ओलांडून सुमारे १,६०० किलोमीटरांवर कन्याकुमारीला संपतो. त्याच्या पश्चिमेला, समुद्राच्या अंगाने, रेवस ते रेडी हा सागरी मार्ग आहे. त्यापुढे गोवा, कारवार आणि मलबारच्या किनाऱ्यावरचे अरुंद रस्ते लागतात. दर हिवाळ्यात पुण्या-मुंबईहून, नाशिक-कोल्हापूरहून सायकलस्वार या वाटांवर उतरतात. त्यांतले पुष्कळ जण घरापासून दोन-तीन आठवडे लांब राहण्याच्या बेताने पहिल्यांदाच निघालेले असतात. हे पुस्तक मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. पश्चिम किनारा हे त्यातले सविस्तर उदाहरण आहे. पण ऊन, दमट हवा, मोसमी पाऊस, दाट वस्ती आणि तुटपुंज्या सोयी ही पाच लक्षणे जिथे एकत्र येतात, तिथे यातले बहुतेक सगळे लागू पडेल, मग तो प्रदेश श्रीलंका असो, व्हिएतनाम असो की पश्चिम आफ्रिकेचा किनारा.

तयारी म्हटली की बोलणे सामानाकडे वळते. सायकल कोणती, गिअर किती, पिशव्या कुठल्या, तंबू घ्यावा का? प्रश्न खरे आहेत आणि त्यांची उत्तरेही पुढे आहेत. पण या मुलखाचे स्वरूप नीट पाहिले की प्रश्नांचा क्रम बदलतो. किनाऱ्यावर पाच-दहा किलोमीटरांत चहाची टपरी, किराणा दुकान, निदान पाण्याचा नळ सापडतो. मोठ्या गावात पंक्चर काढणारा असतो. तालुक्याच्या ठिकाणी लॉज, औषधांचे दुकान आणि सरकारी रुग्णालय असते. वस्तूंपैकी बहुतेक वाटेवर मिळतात. मिळत नाही ते निराळेच असते : उन्हाला सरावलेले शरीर, वेळेवर घेतलेल्या लसी, ऋतूचा अंदाज, हाताशी राखलेले मोकळे दिवस, आणि आपल्या सायकलीचे ते दोन-चार भाग जे तालुक्याच्या दुकानात कधीच नसतात. वाटेवर मिळते ते वाटेवर घ्यावे, मिळत नाही ते निघण्यापूर्वी जमवावे. उष्ण कटिबंधातल्या लांब सायकलप्रवासाची सगळी तयारी या एका सूत्रात मावते असे मी मानतो, आणि या संग्रहाची मांडणीही त्यावरच केली आहे.

या सूत्राला इतिहासाचा आधार आहे. पुढचे चाक उंच असलेल्या जुन्या सायकलीवरून थॉमस स्टीव्हन्स १८८४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून निघाला आणि १८८६ मध्ये पंजाबातून ग्रँड ट्रंक रस्त्याने कलकत्त्याला पोचला. त्याच्याजवळचे सामान म्हणजे मोजे, एक जादा सदरा, अंथरूण आणि तंबू या दोन्हींचे काम करणारा रेनकोट आणि एक पिस्तूल. बाकी सगळे त्याने वाटेवरच्या माणसांवर सोपवले. फॅनी बुलक वर्कमन आणि त्यांचे पती विल्यम हे जोडपे १८९७ नंतर या देशात सायकलीने हिंडले. त्यांचे १९०४ चे पुस्तक चौदा हजार मैलांच्या म्हणजे सुमारे साडेबावीस हजार किलोमीटरांच्या प्रवासाचे आहे.

मुंबईचे नाव या इतिहासात ठळकपणे येते ते १५ ऑक्टोबर १९२३ रोजी. बॉम्बे वेटलिफ्टिंग क्लबचे सहा पारशी तरुण त्या दिवशी जगाच्या फेरीवर निघाले. त्यांतले आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरांची फेरी पुरी करून १८ मार्च १९२८ रोजी परतले. इराण, इराक आणि सिनाईची वाळवंटे, मग युरोप-अमेरिका, आणि शेवटच्या टप्प्यात चीन, सयाम, ब्रह्मदेश असा त्यांचा मार्ग होता. त्यांच्या पुस्तकाला जवाहरलाल नेहरूंनी प्रस्तावना लिहिली. व्यायामशाळेत घडलेल्या या मुलांकडे आजच्या अर्थाने खास साधने काहीच नव्हती. होते ते कमावलेले शरीर आणि भरपूर वेळ, म्हणजे नेमक्या वाटेवर न मिळणाऱ्या दोन गोष्टी.

आयर्लंडच्या डर्व्हला मर्फी १९६३ मध्ये डंकर्कहून दिल्लीला आल्या. निघण्यापूर्वी त्यांनी सायकलीचे तीन गिअरचे डिरेलर काढून टाकले. आशियातल्या रस्त्यांवर ते टिकणार नाही आणि बिघडले तर दुरुस्त होणार नाही, असा त्यांचा हिशेब होता. जादा टायर मात्र त्यांनी वाटेतल्या ब्रिटिश वकिलातींकडे आधीच रवाना केले होते. वाटेवर काय मिळेल आणि काय मिळणार नाही याचा इतका स्पष्ट विचार करणारा प्रवासी विरळा. साठ वर्षांनंतर सायकल बदलली आहे, पण करायचा विचार तोच आहे.

या एकट्या-दुकट्या प्रवाशांच्या जोडीने संघटित सायकलपर्यटन वाढले ते युरोपात. १८७८ मध्ये इंग्लंडात सुरू झालेल्या क्लबने गावोगावच्या खाणावळींशी सभासदांसाठी दर ठरवून घेतले आणि त्यांच्या दारावर पंख असलेल्या चाकाचे चिन्ह लावले. फ्रान्समध्ये सेंत-एत्येनचे पॉल द व्हिव्ही, म्हणजेच ‘व्हेलोसिओ’, यांनी १८८७ पासून आपल्या नियतकालिकातून गिअरचा आणि हलक्या सामानाचा प्रचार केला. भूक लागण्याआधी थोडे खावे, थकून कोसळण्याआधी थांबावे, दुसऱ्याला दाखवण्यासाठी पायडल मारू नये, ही त्यांची शिकवण आजही जुनी झालेली नाही. १९७६ मध्ये अमेरिकेत ओरेगनपासून व्हर्जिनियापर्यंत आखलेल्या सायकलमार्गावर चार हजारांहून अधिक लोक उतरले आणि चार पिशव्या लावलेली सायकल हे लांब प्रवासाचे ओळखीचे चित्र झाले.

आज या क्षेत्रात चार-पाच घराणी नांदतात. पहिले भरल्या सायकलीचे : तंबू, स्टोव्ह, भांडी, सगळा संसार बरोबर. दुसरे फ्रेंच वळणाचे, हलके आणि वेळेशी बांधलेले. त्याचे भारतीय रूप म्हणजे ब्रेव्हे. २०० किलोमीटर साडेतेरा तासांत, ६०० किलोमीटर चाळीस तासांत, अशा मुदती पाळत रात्री-अपरात्री चालणाऱ्या या उपक्रमाने गेल्या दीड दशकात महाराष्ट्रात सायकलस्वारांची एक पिढी घडवली. तिसरे बाइकपॅकिंग : कॅरिअर नाही, फ्रेमला आणि सीटला घट्ट बांधलेल्या लहान पिशव्या, कच्च्या वाटांची ओढ. चौथे घराणे खास आपले आहे. लॉजवर मुक्काम, खाणावळीत जेवण, दोन जोड कपडे आणि पंक्चरचे सामान. नाशिकहून पंढरपूरला जाणारी सायकल वारी आणि गावच्या ग्रुपबरोबर काढलेली कन्याकुमारीची सहल, दोन्ही याच जातकुळीतल्या. पाचवे घराणे मागे गाडी ठेवणाऱ्यांचे. सामान गाडीत, सायकलीवर फक्त पाण्याची बाटली.

सहावी शाळा कोणत्याही यादीत येत नाही, पण उष्ण कटिबंधात खरी जाणकार तीच आहे. सायकलीवर ज्यांचे पोट आहे ती माणसे. गोव्यात पहाटे भोंगा वाजवत पाव विकणारा पोदेर, किनाऱ्यावरचा मासेविक्रेता, झारखंडात सायकलीवर दोनशे किलो कोळसा लादून ती ढकलत नेणारे मजूर. १९५४ मध्ये दिएन बिएन फूच्या वेढ्यासाठी व्हिएतनामी हमालांनी साध्या सायकलींना बांबू जोडून दोनशे किलोंहून अधिक धान्य आणि दारूगोळा डोंगरांतून नेला. ओझे खाली आणि चाकांच्या जवळ कसे बांधावे, कुठल्या चढावर उतरून ढकलावे, कुठल्या वेळी सावलीत थांबावे, हे या माणसांना पुस्तकाशिवाय कळते. पर्यटकाच्या सायकलीवर पंधरा किलो सामान असते. दोनशे किलो वाहणाऱ्याकडून त्याने शिकायला संकोच करू नये.

ही घराणी एकमेकांची वैरी नाहीत. अडचण दुसरीच आहे. तयारीवरचे बहुतेक छापील ज्ञान थंड, कोरड्या आणि सधन देशांत जन्मले. त्यात गोठवणाऱ्या रात्रीसाठी झोपायच्या पिशवीवर दहा पाने असतात आणि घामावर एक परिच्छेद. तंबू लावायच्या जागा गृहीत धरलेल्या असतात, खाणावळ नसते. ते लिखाण जसेच्या तसे उचलून कोकणात आणले की माणूस पंचवीस किलोंचे सामान घेऊन निघतो आणि तिसऱ्या दिवशी रत्नागिरीत बसून निम्मे पार्सलने घरी पाठवतो.

तयारीचा पहिला विषय म्हणून ऊनच घ्यायला हवे. समुद्रकाठी पारा फार चढत नाही म्हणून लोक निर्धास्त राहतात. पण शरीर थंड होते ते घाम वाळल्यामुळे. एक लिटर घाम वाळताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. दमट हवेत घाम वाळत नाही, नुसता ओघळतो. पाणी आणि मीठ जाते, उष्णता आतच राहते. हवामान खाते किनाऱ्यावर उष्णतेची लाट जाहीर करताना ३७ अंश हा उंबरठा धरते आणि सपाट प्रदेशात ४०, त्यामागे किनाऱ्याची ही वेगळी परिस्थिती आहे. एप्रिल २०२३ मध्ये खारघरला भर उन्हातल्या सोहळ्यानंतर माणसे दगावली. ती सायकल चालवत नव्हती, नुसती बसली होती.

यावर उपाय शरीरातच आहे, फक्त त्याला वेळ द्यावा लागतो. रोज तास-दीड तास उन्हात हलका व्यायाम केला तर दहा-चौदा दिवसांत शरीर बदलते. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, त्यातले मीठ कमी होते, रक्तातला द्रवभाग वाढतो. ही कमाई उन्हापासून दूर राहिले की काही आठवड्यांत ओसरते. वातानुकूलित कचेरीत वर्ष काढून थेट अलिबागच्या रस्त्यावर उतरणाऱ्याने पहिला आठवडाभर रोजचे अंतर निम्मे ठेवावे. पहाटे साडेपाच-सहाला निघून दहा-अकराच्या आत मोठा टप्पा संपवणे, दुपार सावलीत काढणे आणि चारनंतर उरलेले अंतर तोडणे, हे या मुलखाचे खरे वेळापत्रक आहे.

पाण्याबद्दल एक गोष्ट नीट समजून घ्यावी. तासाला लिटर-सव्वा लिटर घाम सहज जातो. तो नुसत्या पाण्याने भरून काढत राहिले तर रक्तातले सोडियम घटते. डोकेदुखी, मळमळ, गोंधळ अशी त्याची लक्षणे उष्माघातासारखीच दिसतात आणि माणूस आणखी पाणी पितो. शहाळे उत्तम, पण त्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडे, म्हणून सोबत मिठाचे काहीतरी हवे. ताक, मीठ घातलेले कोकम सरबत, लिंबू-सोडा ही आपली पेये या कामाला पूर्वीपासून नेमलेली आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या जलसंजीवनीची पुडी, एका लिटरला २०.५ ग्रॅमची, कोणत्याही औषधांच्या दुकानात मिळते. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. उन्हात सोबत्याचे बोलणे असंबद्ध झाले तर ती वेळ पुडीची नव्हे. तो उष्माघात धरावा, सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतत वारा घालावा आणि रुग्णालय गाठावे.

ऋतूचे गणित याला लागून येते. मोसमी पाऊस १ जूनच्या सुमाराला केरळात आणि ११ जूनच्या सुमाराला मुंबईत पोचतो. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात तो कोकणातून निघतो. यावरून पुष्कळ जण नोव्हेंबर हा कन्याकुमारीसाठी सर्वांत चांगला महिना ठरवतात आणि दक्षिण केरळात भिजतात. तिथे ऑक्टोबर ते डिसेंबर हा परतीच्या, ईशान्येकडून येणाऱ्या मोसमी पावसाचा काळ असतो. डिसेंबरच्या मध्याला कोकणातून निघून जानेवारीत दक्षिण टोक गाठणे अधिक शहाणपणाचे. हिवाळ्यात दुपारनंतरचा समुद्री वारा किनाऱ्यावर वायव्येकडून येतो. उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणाऱ्याला तो बराचसा पाठीशी मिळतो, म्हणून किनाऱ्याचा प्रवास उलट दिशेने आखू नये. श्रीलंकेत दोन किनाऱ्यांचे पावसाळे वेगळे, व्हिएतनामच्या मध्य किनाऱ्यावर पाऊस सप्टेंबरनंतरचा. हा तपशील आखणीच्या पहिल्या दिवशी पाहायचा असतो, तिकिटे काढल्यानंतर नव्हे.

आजारांची यादी घाबरवण्यासाठी नसते, पण तिच्याकडे तीन महिने आधी पाहावे लागते. धनुर्वाताची लस दहा वर्षांत घेतली आहे का? विषमज्वर आणि कावीळ ‘अ’ यांच्या लसी घ्याव्यात का? कुत्रा चावण्यापूर्वी घ्यायची रेबीजची लस आपल्याला योग्य आहे का? हे प्रश्न आपल्या डॉक्टरांना विचारायचे. आफ्रिकेच्या बऱ्याच भागांत पीतज्वराचे प्रमाणपत्र लागते आणि ते लस घेतल्यानंतर दहा दिवसांनीच ग्राह्य होते. कुत्रा चावलाच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. हा प्रवास थांबवण्याचा प्रसंग आहे, पुढच्या गावी पाहू म्हणण्याचा नाही. पावसाळ्यात आणि त्यानंतर कोकणात लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. जखमी पायाने चिखलातून सायकल ढकलणाऱ्याने तो ओळखून असावा. १९५७ मध्ये शिमोग्याजवळच्या क्यासनूर जंगलात सापडलेला माकडताप आता दोडामार्ग आणि गोव्यातल्या सत्तरीपर्यंत आला आहे. तो गोचिडांमार्फत पसरतो, आणि हिवाळा-उन्हाळा हाच त्याचा काळ.

साप-विंचवांबद्दल कोकणाने वैद्यकाला मोठी देणगी दिली आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावसकरांनी विंचूदंशावर प्रॅझोसिनचा उपयोग दाखवून दिला आणि एकेकाळी जीवघेणा ठरणारा लाल विंचवाचा दंश आटोक्यात आला. सापाच्या बाबतीत नियम तेवढाच सोपा : कापायचे नाही, चोखायचे नाही, आवळून बांधायचे नाही, अवयव स्थिर ठेवून प्रतिसर्पविष असलेले रुग्णालय गाठायचे. असे रुग्णालय पुढच्या टप्प्यात कुठे आहे हे आदल्या रात्री नकाशावर पाहून ठेवणे, ही तयारी बिनखर्चाची आणि बिनवजनाची आहे. सर्वांत जास्त प्रवास मात्र मोडतात ते जांघेतल्या फोडांनी, घामोळ्यांनी आणि गजकर्णाने. रोज चड्डी धुऊन पूर्ण वाळवणे, मुक्कामी पोचताच अंग धुऊन कोरडे करणे, दुकानदार देतो ती स्टेरॉइड मिसळलेली मलमे टाळणे, इतक्यानेही पुष्कळ दुखणी वाचतात.

यानंतर सायकल. तिच्याबाबत मुख्य कसोटी ही की ती मोडली तर कोण दुरुस्त करील. पोलादी फ्रेम गावातला वेल्डिंगवाला जोडून देतो, कार्बनची त्याला जोडता येत नाही. २६ इंची माउंटन सायकलीचा टायर लहान शहरातही मिळतो. ७०० सी मापाचा टायर मोठ्या शहराबाहेर दुर्मीळ, म्हणून तो घडी घालून बरोबर न्यावा. मोटारीसारखा व्हॉल्व्ह असेल तर कोणत्याही पंक्चरवाल्याकडे हवा भरता येते. बारीक फ्रेंच व्हॉल्व्हला लहानसे अडॅप्टर लागते. ते पाच ग्रॅमचे असते आणि तालुक्यात कुठेच मिळत नाही. मागच्या चाकाला छत्तीस तारा असाव्यात, त्याच मापाच्या चार जादा तारा आणि मागची गिअरची चकती सोडवायचा पान्हा सोबत असावा. तार तुटली आणि चाक आउट झाले तर आउट काढणारा हात खेड्यातही असतो, त्या मापाची तार नसते. गिअर हँगर आणि चेनची जोडकडी हीसुद्धा घरून न्यायची.

किनाऱ्याचा रस्ता सपाट असेल या समजुतीने गिअर निवडणारे फसतात. कोकणातला रस्ता खाडीकाठावरून सड्यावर चढतो आणि पुढच्या खाडीला उतरतो. आगरदांडा–दिघी, वेसवी–बागमांडले, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड या तरींच्या दोन्ही अंगांना असेच चढ. दिवसभरात अशा चार-पाच चढणी झाल्या की हजार मीटरांहून अधिक उंची नकळत जमा होते. पुढची सर्वांत लहान चकती मागच्या सर्वांत मोठ्या चकतीएवढी किंवा तिच्याहून लहान असावी, म्हणजे सामानासकट बसून चढता येते. खारी हवा आणि जांभ्याची तांबडी धूळ चेन खातात. दर दोन-तीन दिवसांनी गोड्या पाण्याने पुसून तेल देणे हा मुक्कामाचा भाग समजावा.

आणि हे पुस्तक आत्ताच का? उन्हाळा अलीकडे सरकतो आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये कोकणात उष्णतेच्या लाटेचे इशारे द्यावे लागले. जो महिना आपण सायकलीसाठी सुरक्षित धरत होतो त्याची खात्री राहिलेली नाही. महामार्ग रुंद झाले आणि त्यांवरचा वेग वाढला. सायकलीला जागा मात्र वाढली नाही, म्हणून आरसा, मागचा दिवा, अंधार पडण्यापूर्वी मुक्काम आणि जुन्या, वळणाच्या रस्त्यांची निवड हे आता सुरक्षिततेचे प्रश्न आहेत. दुसऱ्या बाजूने निघणाऱ्यांचे वर्तुळ मोठे झाले आहे. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये १५९ दिवसांत सुमारे २९,००० किलोमीटरांची पृथ्वीप्रदक्षिणा केली, तेव्हा त्या विशीच्या आसपास होत्या. त्यानंतर एकट्या निघणाऱ्या मुली, निवृत्तीनंतर सायकल घेणारे गृहस्थ, मुलांना बरोबर नेणारे आईबाप या सर्वांचे प्रश्न वेगवेगळे आहेत. तरुण, एकट्या पुरुषासाठी लिहिलेल्या सूचना त्यांना पुरत नाहीत.

आणखी एक बाजू महत्त्वाची. ज्याला विकसनशील प्रदेश म्हणतात तो प्रवाशासाठी मांडलेला देखावा नाही. तिथले पाणी कुणाच्या तरी विहिरीचे असते, अंगण कुणाचे तरी असते. रात्री देवळात वा शाळेच्या पडवीत झोपायचे तर सरपंचांना, पुजाऱ्यांना, गुरुजींना विचारावे. फोटो काढण्यापूर्वी परवानगी घ्यावी. कारागिराने ‘राहू द्या’ म्हटले तरी त्याच्या कामाचे पैसे द्यावेत. आपला प्लास्टिकचा कचरा कचऱ्याची सोय असलेल्या शहरापर्यंत वाहून न्यावा. कानडी, मल्याळम, तमीळ मुलखात पाणी, जेवण, दवाखाना, डावे-उजवे आणि आभार एवढे शब्द पाठ करून जावे. वाटेवर मिळते त्यावर विसंबायचे ठरवले की देणाऱ्यांशी नीट वागणे हा तयारीचाच भाग होतो. या पुस्तकात शिष्टाचाराचा वेगळा उपदेश नाही, तो प्रत्येक विषयात मिसळलेला आहे, याचे कारण हेच.

हा संग्रह एका माणसाच्या अनुभवावर उभा नाही. यात ग्रामीण भागात काम करणारे डॉक्टर आहेत, सायकल दुरुस्तीवर हयात घालवलेले कारागीर आहेत, हवामानाचे अभ्यासक आहेत आणि निरनिराळ्या घराण्यांचे सायकलस्वार आहेत. त्यांचे एकमेकांशी जमत नाही तिथे मी मतभेद मिटवलेला नाही. तंबू घ्यावा की नाही, डिस्क ब्रेक बरे की रिमचे, एकट्याने जावे की सोबतीने, यांवर दोन्ही बाजू वाचकासमोर आहेत. एका मुद्द्यावर मात्र सगळ्यांचे एकमत झाले, आणि ते ठरवून झालेले नाही : शरीर, ऋतू आणि वेळ यांची तयारी आधी, खरेदी शेवटी.

म्हणून एक विनंती. हे पुस्तक निघण्याच्या आदल्या आठवड्यात उघडू नका, चार महिने आधी उघडा. पहिल्या भागातल्या ऋतू आणि आरोग्याच्या लेखांनंतर एक वहीचे पान दोन रकान्यांत विभागा : वाटेवर मिळते, वाटेवर मिळत नाही. आपल्या प्रत्येक वस्तूला आणि प्रत्येक काळजीला त्यांतल्या एका रकान्यात जागा द्या. पहिला रकाना जसजसा भरत जाईल तशा पिशव्या हलक्या होतील. दुसऱ्या रकान्यातल्या बहुतेक गोष्टी विकत मिळणाऱ्या नाहीत असेही दिसेल. त्यांच्यासाठीच हे चार महिने आहेत. पुढच्या तीन दिवसांतले पाणी, रुग्णालय आणि दुरुस्तीचे ठिकाण तुम्हाला सांगता आले, आणि परतीच्या तारखेपूर्वी दोन-तीन दिवस मोकळे उरले, की तुमची तयारी झाली असे समजा आणि निघा.